वितळलेल्या पावडरीचा उठाव : कागदकलेतील हीट एम्बॉसिंगचा आढावा

रबरी शिक्क्याने कागदावर उमटवलेल्या ओल्या शाईवर राळेसारख्या पदार्थाची बारीक पावडर भुरभुरवायची, सैल राहिलेली झटकून काढायची आणि जी चिकटली ती गरम हवेने वितळवून कागदावर कायमचा उठाव मिळवायचा, एवढ्या साध्या कृतीला कागदकलेत हीट एम्बॉसिंग म्हणतात. १९९० च्या दशकात हाताने शुभेच्छापत्रे करणाऱ्या पाश्चात्त्य हौशी कलावंतांच्या टेबलावर ती जवळजवळ अपरिहार्य होती. पुढे कागद कापणारी छोटी यंत्रे, अल्कोहोल मार्कर आणि फॉइल चढवणारी उपकरणे आल्यावर ती मागे पडली, आणि अलीकडे मिश्रमाध्यमात काम करणाऱ्यांनी ती वेगळ्याच हेतूने पुन्हा हाती घेतली आहे. या पुनर्शोधाभोवतीच्या चर्चेचा गाभा एका प्रश्नात सापडतो : वितळलेली पावडर ही तयार कामावर चढवायची झळाळी आहे, की रंग किंवा कागदाचा लगदा यांच्याप्रमाणे ते स्वतंत्र माध्यम आहे? टिकाऊपणा, कौशल्याचे मोल आणि प्लास्टिकचा वापर हे बाकीचे वाद बऱ्याच अंशी याच प्रश्नाच्या उत्तरावर अवलंबून आहेत.

कृती आणि तिच्यामागची कारणे

छपाईच्या धंद्यात एम्बॉसिंग म्हणजे मुळात दाबकाम : जोडीच्या दोन डायांमध्ये, एक उंच आणि एक खोल, कागद दाबला की त्याचे तंतूच वर उचलले जातात आणि कागद स्वतः आकार घेतो. हीट एम्बॉसिंगमध्ये कागद होता तसाच सपाट राहतो आणि उठाव त्याच्यावर बसलेल्या थराचा असतो. हा थर थर्मोप्लास्टिक, म्हणजे तापवल्यावर मऊ होणाऱ्या, निवल्यावर घट्ट होणाऱ्या आणि पुन्हा तापवल्यास पुन्हा मऊ होणाऱ्या पदार्थाचा असतो; हा शेवटचा गुण पुढच्या अनेक वादांच्या मुळाशी आहे.

शाई सावकाश वाळणारी हवी, कारण पावडर चिकटेपर्यंत ती ओली राहिली पाहिजे. त्यामुळे रंगकण असलेली पिगमेंट शाई किंवा ग्लिसरीनसारख्या पदार्थांवर आधारलेली पारदर्शक एम्बॉसिंग शाई वापरतात. पाण्यासारखी पातळ डाय शाई कागदात चटकन शोषली जाते आणि पावडरीला धरून ठेवू शकत नाही. पावडरीचे बारीक, मध्यम आणि जाड असे प्रकार कणांच्या आकारावरून पडतात. नाजूक रेषेला बारीक पावडर लागते, तर जाड पावडर ठळक आकारांवर किंवा थरावर थर चढवण्यासाठी उपयोगी पडते.

खरी कसोटी तापवण्यात असते. हस्तकलेसाठीच्या हीट गनच्या तोंडाशी हवा साधारण ३०० अंश सेल्सिअसच्या आसपास किंवा त्याहून जास्त तापते. केस वाळवायच्या ड्रायरची हवा तितकी गरम नसते आणि तिचा झोत मात्र जोरदार असल्याने पावडर वितळण्याआधीच उडून जाते. गन आधी काही क्षण बाजूला धरून तापवावी लागते आणि मग एका कडेपासून पुढे सरकवावी लागते. खरखरीत, रवाळ दिसणारा भाग अचानक गुळगुळीत होतो, पृष्ठताणामुळे कण एकमेकांत मिसळतात, चमक येते, आणि ती दिसताच तिथून गन हलवावी लागते. त्यापुढे तापवल्यास राळ पातळ होऊन कागदाच्या तंतूंत उतरते, उठाव बसतो आणि कडेला तेलकट डागासारखी झाक येते. नवख्यांच्या हातून बहुतेक कामे बिघडतात ती कमी तापवल्यामुळे नव्हे, तर अशा जास्त तापवण्यामुळे.

दुसरी अडचण कागदाच्या पृष्ठभागाची. बोटांचा तेलकटपणा, कागदातला ओलावा आणि स्थिर विद्युत यांमुळे नको तिथे कण चिकटतात आणि तापवल्यावर ते रंगाच्या शिंतोड्यांसारखे कायमचे पक्के होतात. म्हणून शिक्का मारण्यापूर्वी कागदावर पुडीने टाल्कसारखी भुकटी हलकेच फिरवण्याची पद्धत आहे. कोकणात किंवा मुंबईत पावसाळ्यात हे काम करणाऱ्याला या अडचणीचा पुरता अनुभव येतो, कारण दमट कागद कण धरतो आणि एकाच बाजूने तापवल्यावर वाकतोही.

पूर्वपीठिका : दाब, राळ आणि कोरीव कामाची नक्कल

कागदावर उठाव आणण्याची हौस जुनी आहे आणि तिचे दोन प्रवाह सांगता येतात. पहिला दाबाचा. जपानी लाकडी ठशांच्या चित्रांत करझुरी नावाची पद्धत होती, जिच्यात शाई न लावता ठसा कागदावर दाबून वस्त्राची वीण किंवा बर्फाचा पोत उमटवला जाई. १७६० च्या दशकात सुझुकी हारुनोबूच्या रंगीत चित्रांत तिचा सुंदर वापर दिसतो. भारतीय आधुनिक कलेत सोमनाथ होर यांनी १९७० च्या दशकात सुरू केलेली ‘वुंड्स’ ही मालिका याच दिशेने फार पुढे गेलेली आहे : पांढऱ्या कागदी लगद्यावर पांढऱ्याच जखमा, रंगाचा जवळजवळ अभाव, आणि सगळा अर्थ उठावात व खोलीत. उठाव हा अलंकार न राहता आशय कसा होतो याचे याहून चांगले उदाहरण सापडणे कठीण आहे, आणि हीट एम्बॉसिंगला स्वतंत्र माध्यम मानणाऱ्यांनाही अखेर याच मापाने मोजले जाणार आहे.

दुसरा प्रवाह राळेचा आणि उष्णतेचा. फ्रेंच चित्रकार झाँ-बाप्तिस्त ल प्रिन्स याने १७६८ च्या सुमारास विकसित केलेल्या अ‍ॅक्वाटिंट पद्धतीत तांब्याच्या पत्र्यावर राळेची धूळ बसू देतात आणि पत्रा खालून तापवून तिचा प्रत्येक कण जागच्या जागी चिकटवतात. मग आम्ल कणांच्या मधल्या जागा खाते आणि छपाईत जलरंगासारखी छटा मिळते. थॉमस डॅनियलने जेम्स वेल्सच्या रेखाटनांवरून तयार केलेली वेरूळच्या लेण्यांची १८०३ मधील चित्रमाला याच पद्धतीने छापलेली आहे, आणि हा वेल्स म्हणजे पुण्याच्या दरबारात सवाई माधवरावांचे चित्र रंगवणारा चित्रकार. अ‍ॅक्वाटिंटमधली राळ मात्र अंतिम चित्रात नसते. काम झाले की ती धुऊन टाकतात.

या प्रवाहांशी साम्य असलेली कामे भारतातही आहेत. तंजावरच्या चित्रशैलीत, जी तिथल्या मराठा राजांच्या आश्रयाने बहरली, खडूची भुकटी आणि डिंक यांच्या लगद्याने दागिने, कमानी आणि महिरपी उचलून त्यांवर सोन्याचा वर्ख चढवतात. बिकानेरचे उस्ता कारागीर उंटाच्या कातड्यावर मनौती नावाचे असेच उठावाचे सोनेरी काम करतात. सावंतवाडीच्या लाखकामात फिरत्या लाकडावर लाखेची कांडी टेकवली की घर्षणाच्या उष्णतेने ती वितळून लाकडावर पसरते. हीट एम्बॉसिंगची ओळख करून देणारे लेखन कधी कधी अशा सगळ्या परंपरांना तिचे पूर्वज ठरवते. साम्य खरे आहे, वंशावळ मात्र खरी नाही, आणि या तंत्राला प्रतिष्ठा देण्यासाठी तिची गरजही नाही.

हीट एम्बॉसिंगचा प्रत्यक्ष पूर्वज अगदी व्यापारी आहे. धातूच्या पत्र्यावर अक्षरे कोरून केलेल्या छपाईला हाताला जाणवणारा उठाव असतो, पण ती महाग पडते. २० व्या शतकाच्या पूर्वार्धात अमेरिकेत आणि ब्रिटनमध्ये ओल्या छपाईवर राळेची पावडर टाकून ती तापवणारी यंत्रे आली आणि कोरीव कामाचा देखावा स्वस्तात मिळू लागला. धंद्यात या पद्धतीला थर्मोग्राफी म्हणतात. व्हर्कोटाइप या व्यापारी नावानेही ती ओळखली जाई. सुरुवातीला नैसर्गिक राळ वापरत, पुढे तिची जागा पॉलिअमाइडसारख्या कृत्रिम राळेने घेतली. व्हिजिटिंग कार्डे, लेटरहेड आणि निमंत्रणपत्रिका हे तिचे मुख्य क्षेत्र. महाराष्ट्रातल्या लग्नपत्रिकांवरची बोटाला लागणारी चकचकीत अक्षरे पाहिली आहेत त्यांना हा परिणाम परिचित आहे, मग ती अक्षरे थर्मोग्राफीची असोत की जाड स्क्रीन प्रिंटिंगची. नकलेतून जन्मलेल्या या तंत्राला ‘खऱ्या’ कामाच्या तुलनेत खालचे मानण्याची सवय तेव्हापासूनची आहे.

हौशी टेबलावर आगमन आणि ओहोटी

रबरी शिक्का कार्यालयातून कलेत आला तो मेल आर्टच्या, म्हणजे टपालाने कलाकृतींची देवाणघेवाण करणाऱ्यांच्या, वर्तुळातून. १९६० आणि १९७० च्या दशकांत न्यूयॉर्कचा रे जॉन्सन आणि फ्लक्सस गटातले कलावंत शिक्क्यांचा उपहासासाठी, सरकारी भाषेच्या विडंबनासाठी वापर करत होते. त्यानंतर अमेरिकेत सजावटी शिक्क्यांचा छंद पसरला आणि १९८० मध्ये ‘रबरस्टॅम्पमॅडनेस’ हे त्याला वाहिलेले नियतकालिक निघाले. थर्मोग्राफीची पावडर छोट्या डब्यांत भरून याच छंदवर्गापर्यंत पोहोचली आणि यंत्राचे काम हातातल्या गनवर आले.

१९९० च्या दशकात हस्तकलाकार सूझ वाइनबर्ग यांच्या नावाशी जोडलेली अल्ट्रा थिक एम्बॉसिंग एनॅमल ही जाड कणांची पावडर बाजारात आली. तिचे महत्त्व जेवढे मानले जाते त्याहून जास्त आहे. ती एका रेषेवर चढवण्यासाठी नव्हती. तिचे थर देता येत, गरम थरात शिक्का दाबता येई, निवल्यावर तडे पाडता येत आणि भांड्यात वितळवून साच्यात ओतताही येई. पावडर माध्यम होऊ शकते ही कल्पना अलीकडच्या पुनर्शोधाच्या कितीतरी आधीची आहे, हे यावरून दिसते.

पुढची ओहोटी अनेक कारणांनी आली. स्क्रॅपबुकिंगची, म्हणजे छायाचित्रांच्या सजवलेल्या वह्यांची, अमेरिकेतली मोठी लाट २००० च्या दशकाच्या उत्तरार्धात ओसरू लागली. त्या क्षेत्रातल्या दुकानांची आर्काइव्हर्स ही साखळी २०१४ मध्ये बंद झाली. छायाचित्रे फोनमध्ये राहू लागली. अभिरुचीही बदलली : चकचकीत सोनेरी कडा जुनाट वाटू लागल्या आणि स्वच्छ कापलेले आकार, मार्करची मऊ छटा यांना पसंती मिळाली.

पुनर्शोधात नवे काय

परत आलेली हीट एम्बॉसिंग शिक्क्याच्या रेषेपुरती राहिलेली नाही. स्टेन्सिलमधून, ब्रशने किंवा बोटाने शाई लावून तिच्यावर पावडर टाकतात. कॅनव्हास, लाकूड, धातू आणि कापड यांवरही ती वितळवतात. अभ्रकाची चमकदार भुकटी किंवा दोन-तीन रंगांच्या पावडरी मिसळून गंजाचा, जुन्या भिंतीचा आभास आणतात. मिश्रमाध्यमातले कलावंत टिम होल्ट्झ यांच्या नावाने निघालेल्या डिस्ट्रेस मालिकेतल्या पावडरीत असे कण मिसळलेले असतात की तापवल्यानंतर हाताने घासले असता ते सुटून येतात आणि मागे झिजलेला, खडबडीत पृष्ठभाग उरतो. ज्या तंत्राचा सगळा अभिमान निर्दोष गुळगुळीतपणात होता त्याच्यात दोष हेतुपुरस्सर पेरला जातो, हा बदल लहान नाही.

दुसरा महत्त्वाचा उपयोग रोध म्हणून होतो. जलरंगाच्या कागदावर पारदर्शक पावडरीने आकृती उमटवून तिच्यावरून रंगाचा हात फिरवला की वितळलेली राळ पाणी अडवते आणि आकृती कागदाच्या मूळ रंगात राहते. मग त्यावर साधा कागद ठेवून इस्त्री फिरवली तर राळ पुन्हा मऊ होऊन वरच्या कागदात शोषली जाते आणि उठाव बराचसा नाहीसा होतो. उरते ती फक्त राखलेली जागा. बाटिकमध्ये मेण जे काम करते तेच इथे राळ करते. या वापरात पावडर झळाळीही नसते आणि माध्यमही नसते, ती अवजार असते, आणि सुरुवातीला मांडलेला प्रश्न त्यामुळे दोनच बाजूंचा राहत नाही.

मतप्रवाह

पहिला पक्ष नेमकेपणाचा. हाताने कार्डे करणाऱ्यांपैकी बऱ्याच जणांच्या मते हीट एम्बॉसिंगचे मर्म रेषेच्या काटेकोरपणात आहे : गडद कागदावर पांढरी, तुटक न होणारी, सारख्या उंचीची रेषा दुसऱ्या कोणत्याही स्वस्त साधनाने मिळत नाही. पांढरी शाई गडद कागदावर फिकी पडते, पांढरी पावडर पडत नाही, हा त्यांचा साधा आणि बिनतोड मुद्दा. थरांचे प्रयोग त्यांना तंत्राच्या बलस्थानाकडे पाठ फिरवणारे वाटतात.

दुसरा पक्ष पृष्ठभागाचा. मिश्रमाध्यमातल्या कलावंतांना पावडर वितळताना जे घडते त्यातच रस असतो : फुगे येणे, थर सरकणे, अर्धवट वितळलेल्या कणांचा वाळूसारखा पोत. त्यांच्या दृष्टीने कोरीव छपाईची नक्कल हा या तंत्राचा बालपणीचा टप्पा होता. या पक्षाच्या कामांत प्रभावी नमुने आहेत, तसेच पोत हेच साध्य मानून थांबलेली कामेही पुष्कळ आहेत. गंजाचा आभास हुबेहूब आणणे आणि गंजाविषयी काही सांगणे या दोन गोष्टी वेगळ्या आहेत, आणि समीक्षेने हा फरक अजून पुरेसा तपासलेला नाही.

तिसरा पक्ष मुद्राचित्रकारांचा आणि हातकागद करणाऱ्यांचा. कागदाने स्वतः आकार घ्यावा, त्याच्यावर परका थर बसवू नये, अशी त्यांची धारणा आहे आणि कृत्रिम राळेला त्यांचा आक्षेप सौंदर्याचाही असतो आणि साहित्याच्या प्रामाणिकपणाचाही. यावर प्रत्युत्तर असे दिले जाते की तैलरंगाचा थरही कॅनव्हासला परकाच असतो आणि अ‍ॅक्रिलिक रंग हा तर उघडउघड पॉलिमर आहे; तो कलाशाळांत स्थिरावला तर पावडरीनेच काय घोडे मारले?

कौशल्याचा प्रश्न या तिन्ही पक्षांना छेदून जातो. तयार शिक्का, तयार पावडर, तयार स्टेन्सिल अशा संचातून झालेल्या कामात कर्त्याचा वाटा किती, असे विचारले जाते, आणि पुनर्शोधाचा एक भाग नव्या रंगांच्या डब्या विकण्यासाठी उत्पादकांनीच घडवला आहे हेही नाकारता येत नाही. पण तयार साधनांमुळे चित्रकलेचे शिक्षण न घेतलेल्या असंख्य लोकांना, त्यांत प्रामुख्याने घर सांभाळून छंद जोपासणाऱ्या स्त्रियांना, हाताने काही घडवण्याची वाट मिळाली, हे दुसऱ्या बाजूचे म्हणणेही तितकेच वजनदार आहे.

अक्षरांची अडचण

मराठीत काम करणाऱ्यांपुढे एक वेगळी अडचण येते आणि इंग्रजी मार्गदर्शिकांत तिचा विचार असण्याचे कारण नाही. वितळलेली राळ थोडीशी पसरते आणि अरुंद फटी बुजवते, म्हणून थर्मोग्राफीत फार लहान अक्षरे टाळतात. देवनागरीत ‘भ’ आणि ‘म’, ‘ध’ आणि ‘घ’ या जोड्यांतला फरक शिरोरेघेजवळच्या गाठीवर आणि बारीक फटीवर अवलंबून असतो. ती फट भरली की ‘शुभस्थळ’ मधला ‘भ’ ‘म’ सारखा दिसू लागतो. अनुस्वार फुगून शिरोरेघेला चिकटतो, जोडाक्षरांचे पोट भरून येते. रोमन लिपीतही लहान अक्षरांची पोटे बुजतात, पण देवनागरीत शिरोरेघ, मात्रा आणि जोडाक्षरे यांमुळे धोक्याच्या जागा अधिक आहेत. यावर बारीक पावडर, मोठे अक्षर आणि मुद्दाम सैल रेखाटलेला शिक्का हे उपाय उघड आहेत. पण हौशी बाजारात मिळणारे शिक्के बहुतेक इंग्रजी मजकुराचे असल्याने देवनागरी शिक्का रबर स्टँप करणाऱ्याकडून बनवून घ्यावा लागतो, आणि तो कारागीर कार्यालयीन गोल शिक्क्याच्या सवयीने रेषा दाटच ठेवतो. इथल्या अनेक हौशी कलावंतांनी उठावाच्या रेषेसाठी फेविक्रिलच्या थ्रीडी आउटलायनरसारख्या नळीतल्या रंगाचा मार्ग पूर्वीच धरलेला आहे. त्याला उष्णता लागत नाही, मात्र वाळायला वेळ लागतो आणि रेषेचा सारखेपणा हातावर अवलंबून राहतो.

टिकाऊपणा

वितळलेला थर किती टिकतो, हा प्रश्न चर्चेत जेवढा यायला हवा तेवढा येत नाही. थर्मोग्राफीने छापलेली लेटरहेड लेझर प्रिंटरमध्ये घातली की प्रिंटरच्या तापलेल्या रुळावर राळ मऊ होऊन चिकटते, हा कार्यालयांतला जुना अनुभव आहे आणि थर कधीच पूर्णपणे ‘पक्का’ होत नाही याचा तो पुरावा आहे. घडीवर जाड थराला तडे जातात. छायाचित्रांशेजारी वापरायच्या साहित्यासाठी आयएसओ १८९१६ या क्रमांकाची प्रमाणित चाचणी आहे, जी साहित्यामुळे छायाचित्र फिके पडते किंवा डागाळते का ते पाहते. पण वहीच्या पानावर छायाचित्र चिकटवून शेजारी गरम झोत मारल्याने होणारी हानी तिच्या कक्षेत येत नाही. म्हणून जाणकार आधी पान तापवून निवू देतात आणि छायाचित्र शेवटी लावतात. कॅनव्हासवरच्या जाड थरांचे आणखी काही दशकांनी काय होईल, ते पिवळे पडतील की ठिसूळ होतील, हे राळेच्या जातीवर अवलंबून आहे, आणि डबीवर राळेची जात क्वचितच छापलेली असते. हे काम संग्रहालयांच्या दर्जाचे मानायचे असेल तर उत्पादकांनी निदान एवढी माहिती द्यावी, ही मागणी रास्त आहे.

प्लास्टिक, धूर आणि नियम

एम्बॉसिंग पावडर ही बहुतांशी कृत्रिम पॉलिमरची बारीक भुकटी असते, आणि त्यामुळे ती सूक्ष्मप्लास्टिकच्या व्यापक वादात येते. युरोपीय संघाचा २०२३/२०५५ क्रमांकाचा नियम १७ ऑक्टोबर २०२३ पासून लागू झाला. उत्पादनात मुद्दाम घातलेल्या ५ मिलिमीटरपेक्षा लहान पॉलिमर कणांवर तो निर्बंध घालतो आणि सुट्या प्लास्टिक चमकीची विक्री त्यानेच अडली. वापरताना ज्यांचे कणरूप कायमचे नाहीसे होते अशा पदार्थांना नियमात सवलत आहे. वितळून सलग थर होणारी पावडर तर्काने या सवलतीत बसते. परंतु झटकताना टेबलावर आणि जमिनीवर सांडलेली, झाडून केरात किंवा ओल्या फडक्याने पुसून मोरीत गेलेली पावडर वितळलेली नसते. उरलेली पावडर घडी घातलेल्या कागदावर झेलून पुन्हा डबीत भरण्याची रीत काटकसरीसाठी पडली होती, आता तिला पर्यावरणाचेही कारण मिळाले आहे.

तापवताना येणारा वास आणि धूर हाही दुर्लक्षित विषय. नीट वितळवलेल्या पावडरीचा धूर थोडा असतो, जास्त तापून करपलेल्या राळेचा त्रासदायक ठरू शकतो; खिडकी उघडी ठेवणे आणि गनच्या तोंडाशी मुलांना येऊ न देणे हे किमान पथ्य आहे. लाख, राळ किंवा मेण यांवर आधारलेल्या पर्यायांचे प्रयोग स्वाभाविकपणे सुचतात, पण नैसर्गिक राळ ठिसूळ असते, लाखेला स्वतःचा रंग असतो आणि मेण हाताच्या उबेनेही मऊ पडते, त्यामुळे पांढऱ्या, लवचीक आणि बारीक रेषेच्या बाबतीत कृत्रिम राळेला तोडीस तोड पर्याय नाही.

भारतात एकदा वापरून फेकायच्या प्लास्टिकवर १ जुलै २०२२ पासून जी बंदी आली तिच्या यादीत मिठाईचे खोके आणि निमंत्रणपत्रिका यांच्याभोवती गुंडाळायची पातळ फिल्म आहे, सजावटीचे थर्मोकोल आहे. पत्रिकेच्या अक्षरांवर वितळवलेली राळ त्या यादीत नाही. रद्दीत जाणाऱ्या पत्रिकांच्या गठ्ठ्यात ही राळ एकूण किती असते आणि लगदा करताना ती कितपत वेगळी काढता येते, हा प्रश्न हौशी कलावंतांच्या टेबलापेक्षा मुंबईच्या गिरगावातल्या पत्रिकांच्या दुकानांना आणि कागद गिरण्यांना अधिक लागू पडतो.